द्राक्षं, पाप-पुण्य आणि ती फिरणारी पोस्ट

खरड_छाटणी:
"पाप-पुण्याचे संस्कार गेले, म्हणून आजचा शेतकरी गोऱ्याला स्वच्छ माल पाठवतो आणि नाशिककराच्या ताटात विष वाढतो." ही पोस्ट सकाळपासून तीन ग्रुपांवर आली. प्रतिक्रियेत मावेना म्हणून धागा काढला.

संस्कारांनी नीती येते म्हणणाऱ्यांनी 2 मार्च 1930 आठवावा. काळाराम मंदिराचं दार अडवून उभे राहिलेल्यांच्या घरी संस्कारांची काय टंचाई होती? स्नानसंध्या, उपास, दानधर्म, सगळं यथासांग. माणसाला देवळाबाहेर ठेवणं हाही त्यातलाच एक संस्कार. दलितांना आत जाता यावं म्हणून बाबासाहेबांचा, दादासाहेब गायकवाडांचा सत्याग्रह पाच वर्षं चालला, दार उघडलं नाही.

आता द्राक्षं. युरोपला माल जाणाऱ्या प्लॉटची नोंदणी होते, फवारणीची वही लागते, काढणीआधी नमुना लॅबला जातो. ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याचा मालात उरलेला अंश किलोमागे 0.01 मिलिग्रॅमपर्यंतच चालतो. एकरी 10 टन माल धरा, अख्ख्या एकरात मिळून 100 मिलिग्रॅम! इथे आजीचं पाप-पुण्य काय मोजणार? वही लागते. वहीची सवय लागली की तीच नीती.

पंचवटी_जुना_वाडा:
म्हणजे तपासनीस गेला की नीती गेली. तिला धाक म्हणा की सरळ. आणि काळाराम तुमच्याच अंगावर येतो, भाऊ. दाराबाहेर जे उभे होते, त्यांना अन्याय कळायला कुठली लॅब लागली? रूढी विरुद्ध, पुजारी विरुद्ध, तरी कळलंच ना?

काकडी_की_द्राक्ष:
दोघंही चुकताय. ब्रॉस्नन आणि फ्रान्स द वाल यांचा 2003 चा प्रयोग बघा. कॅप्युचिन माकडाला कामाबद्दल काकडी दिली, ते खुशीने खात होतं. शेजारच्याला त्याच कामाचं द्राक्ष मिळताना दिसलं, तेव्हा काकडी नाकारली. न्यायाची जाण रक्तातच असते.

पंचवटी_जुना_वाडा:
आणि द्राक्ष मिळालेलं माकड? ते बसलं का उपोषणाला? स्वतःला कमी मिळालं की बोंब मारणं ही नीती असेल, तर आपल्याकडे ती भरपूर आहे.

भुरी_जानेवारी:
'विष वाढतो' लिहिणाऱ्याने काढणीपूर्व काळ, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठेवायचं अंतर, कसा मोडतो ते आधी समजून घ्यावं. जानेवारीत थंडी, ढगाळ हवा, त्यात वेलीच्या पानांचा पसारा दाट, की घडावर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी. काढणी तीन आठवड्यांवर आलेली. तेव्हा आंतरप्रवाही, म्हणजे आत भिनणारं, औषध मारलं तर त्याचा मुक्काम संपायच्या आत घड तुटतो. ते मिठाच्या पाण्याने धुऊन जात नाही, वरवरचं असतं तेवढं थोडंफार निघतं. दुसरी चूक म्हणजे एकच घटक दोन कंपन्यांच्या नावाने टाकीत पडतो, डोस दुप्पट. तिसरी, फवारणीच्या ब्लोअरचं पाणी बदलतं पण औषध लिटरवरच मोजलं जातं, एकरी किती गेलं ते कुणी बघत नाही. यातली एकही लबाडी नाही. वेळेवर फेलफुटी, म्हणजे नको असलेले फुटवे, काढा, घडाजवळची पानं विरळ करा, शेवटी जैविकावर या.

गट_नंबर:
सगळी नीती शेतकऱ्यालाच का हो? क्रेटमागे वजनात काट लावणारा, माल उचलून चेक देणारा आणि चेक वटायच्या आत गाशा गुंडाळणारा व्यापारी कोणत्या संस्कारातला? सौदा तोंडी करूच नका. पावतीवर गट नंबर, भाव, काट किती, काढणीची तारीख, पैसे कधी, सगळं लिहून सही घ्या. पहिल्या तोडणीचे पैसे आल्याशिवाय दुसऱ्या तोडणीला कात्री नाही.

पंचवटी_जुना_वाडा:
विषय नीतीचा आहे, वसुलीचा नाही.

गट_नंबर:
ज्याचे बुडाले त्याला जाऊन सांगा हे. वाड्यात बसून बोलायला काय जातंय!

भुरी_जानेवारी:
पावतीबद्दल शंभर टक्के. व्यापाऱ्याच्या आधारची प्रत आणि गाडीचा नंबरही घ्या. नुसत्या मोबाइल नंबरवर जाऊ नका, तो पहिला बंद होतो.

काकडी_की_द्राक्ष:
धागा बाजार समितीत गेला वाटतं.

पंचवटी_जुना_वाडा:
खरड_छाटणी, मुद्द्याला उत्तर द्या. 2010 विसरलात का? सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड, वाढ रोखणारं रसायन. खरड छाटणीनंतर, म्हणजे हंगाम संपल्यावरच्या छाटणीनंतर, शेंडा थांबावा, काडीत घड धरावेत म्हणून मारायचे. आपल्या तपासणीच्या यादीत ते नव्हतं, म्हणून इथे कुणी शोधलं नाही. युरोपात सापडलं आणि कंटेनर अडकले. यादीत नाही ते दिसत नाही. ही तुमच्या वहीची नीती!

खरड_छाटणी:
तेव्हाही कुणाच्या संस्काराने सीसीसी ओळखलं नव्हतं, एवढं लिहून ठेवा. पण ठीक आहे, एक जागा सोडतो. युरोपचा नमुना नापास झाला, तर थांबून पुन्हा नमुना देता येतो. थांबलं की मणी मऊ पडतो, पाऊस आला तर तडकतो, मजूर दुसरीकडे जातात. नाहीतर तोच माल उद्या इथल्या बाजाराच्या गाडीत. मर्यादा देशातही आहेत, पण इथे प्रत्येक प्लॉटचा नमुना काढणीआधी कोण घेतो? त्या रात्री थांबायचं की गाडी भरायची, हे वही सांगत नाही. इथे तुमचं खरं. इथेच हं.

पंचवटी_जुना_वाडा:
'इथेच' म्हणे. उपकार झाले.

खरड_छाटणी:
मग थांबलेल्या मालाला कॉलेज रोडच्या गाड्यावर किलोमागे दहा रुपये जास्त द्याल?

पंचवटी_जुना_वाडा:
देऊ की. थांबला होता याचा कागद दाखवा.

गट_नंबर:
आली का वही परत!