दशावतारी नटाकडून निःशब्द प्रसंग कसा बसवून घ्यावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही कुडाळजवळच्या गावातले हौशी कलाकार. यंदा दोन अंकी नाटक बसवतोय. बापाच्या भूमिकेला गावातलाच दशावतारी नट घेतलाय. दशावतारी कंपनीत तो राजपार्टी, म्हणजे राजाच्या भूमिका, करतो. जत्रा पुन्हा कार्तिकात, तोवर मोकळा आहे.

माणूस अस्सल आहे. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. नायकाने, म्हणजे खेळाच्या सूत्रधाराने, कथानक सांगितलं की हा स्वतःच्या शब्दांत रात्र काढतो, मध्येच पद उचलतो, रंगपटात आपला चेहरा आपणच रंगवतो. देवळासमोरच्या उघड्या मांडावर शेवटच्या माणसापर्यंत पोचायची सवय त्याच्या अंगात मुरली आहे, आणि ती मला अजिबात घालवायची नाही.

अडचण एकाच प्रसंगाची. मुंबईहून मुलाचा फोन येतो, गणपतीला येणार नाही. बाप फोन ठेवतो आणि माटवीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या लाकडी चौकटीला, कवंडळं (रानफळं) बांधत राहतो. संवाद नाही. इथे तो दोन पावलं पुढे येतो, छातीवर हात ठेवतो, प्रेक्षकांकडे बघतो. एरवीही वाक्य संपलं की पखवाजाच्या थापेसाठी क्षणभर थांबतो, आणि आमच्या नाटकात थाप पडतच नाही! "कमी कर" म्हटलं की चेहरा कोरा होतो. दोन्हींच्या मधलं कसं काढून घेऊ?

प्रतिसाद १
"कमी कर" हा शब्दच तालमीतून काढा. नटाला काय करू नको ते सांगून भागत नाही, काय करायचं ते द्यावं लागतं. माटवी खरी टांगा, सुंभ खरा द्या, गाठ खरीच बसली पाहिजे. हात गुंतले की छातीवर जाणार नाहीत.

नाट्यशास्त्रात अभिनय चार प्रकारचा: आंगिक (शरीराचा), वाचिक (बोलण्याचा), आहार्य (वेशभूषा-रंगभूषेचा), सात्त्विक (आतल्या भावाचा). तुमचा नट पहिल्या तिन्हींत तयार आहे. आठ सात्त्विक भावांतला पहिला आहे स्तंभ, म्हणजे अंग जागच्या जागी थिजणं. गाठ मारता मारता हात एकदाच थांबू दे. बास.

प्रतिसाद २
वेंगुर्ल्यासून लिवतंय. तेका संहिता बाजूक ठेवूक सांगा. आधी कथा सांगा, नायक सांगता तशी. फोनवरचा बोलणा एकदा तेच्याच शब्दांत होऊ दे, मगे लिवलेला. थापेची सवय मोडू नकात, थापेच्या जागी पुढच्या माणसाचा श्वास आयकूक लावा.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. रविवारच्या तालमीत माटवी टांगतेच. एक राहिलं: फोनवरची वाक्यं हळू म्हटली की मागच्या रांगेला शब्दांची शेवटची अक्षरं ऐकू येत नाहीत. आवाज न चढवता ती पोचावीत म्हणून कोणी काही सराव करून घेतं का?