अनुभव धागा: पर्यावरणासाठी चारचौघांनी मिळून केलेलं काहीतरी, टिकलं का फसलं?

काल ड्रॉवर उपसताना अर्धी जळलेली मेणबत्ती सापडली आणि ती रात्रच आठवली एकदम. अर्थ अवर. २००७ साली सिडनीत सुरू झालं ना ते, मार्च अखेरच्या एका शनिवारी रात्री साडेआठ ते साडेनऊ दिवे बंद. आमच्या बिल्डिंगमध्ये कुणीतरी कागद चिकटवून गेलं होतं, मी म्हटलं कोण करतंय. पावणेनऊला दार उघडते तर सगळा अंधार आणि निम्मी बिल्डिंग जिन्यात बसलेली! इतकी वर्षं एकाच मजल्यावर राहून ज्यांचं नाव मला माहीत नव्हतं त्या आजी तासभर गप्पा मारत होत्या. वीज किती वाचली देव जाणे, पण ओला कचरा खालीच जिरवायचा हे त्या जिन्यात ठरलं आणि ते अजून चालू आहे. तुमचंही सांगा. फसलेलं आधी सांगा.

----

झाडं. ५ जून. खड्डे आयते खणलेले, बॅनर, फोटो, सगळं झालं, पाणी कोण घालणार ते सोडून. तीन महिन्यांनी नुसत्या आधाराच्या काठ्या उभ्या. दोनच जगली, जिथे एक काका रोज गाडी धुतात आणि पाणी वाहत त्यांच्या मुळाशी जातं.

----

ते काकाच खरे पर्यावरणप्रेमी 😂

----

आगाऊपणा करतेय, पण मेणबत्ती कशाला लावलीत? तिचं मेण, म्हणजे पॅराफिन, पेट्रोलियममधूनच येतं की. ९ वॅटचा एलईडी तासभर चालला तर ०.००९ युनिट. त्यापेक्षा मेणबत्तीच जास्त कार्बन सोडत असेल. अंधारातच बसायचं होतं.

----

हाहा, बरोबर आहे, पण जिन्यात आजी होत्या हो, कुणी पडलं असतं म्हणजे? आणि माझ्या टेबलक्लॉथवर मेण सांडलं ते आजतागायत तसंच आहे.

----

वर कागद ठेवा आणि इस्त्री फिरवा, सगळं मेण कागदात येतं.

----

१००० वॅटची इस्त्री पाच मिनिटं म्हणजे ०.०८ युनिट. त्या एलईडीच्या नऊपट! मी आता गप्प बसते.

----

कंपोस्टवर लिहायचं होतं कधीपासून. आमच्याकडे तीन पिंपं आणली, पहिले पंधरा दिवस उत्साह, मग असा वास सुटला की तळमजल्यावाल्या वहिनींनी बोलणंच टाकलं. चूक साधी होती, सगळे नुसता ओला कचरा ओतत होते, कोरडं काही नाहीच. हवा खेळली नाही की तो सडतो आणि मिथेन निघतो, आणि मिथेन शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो म्हणे, म्हणजे आम्ही चांगलं करायला जाऊन छोटं डंपिंग ग्राउंडच उघडलं होतं. मग रोज झाडून जाळला जाणारा पालापाचोळा मागून घेतला, ओल्याच्या एका थरावर पाल्याचे दोन, आणि दर चार दिवसांनी उलथणं. मूठ दाबली तर ओल लागली पाहिजे पण पाणी गळता कामा नये, एवढीच परीक्षा. मग पाला जाळणंही थांबलं, ते आधी कुणाच्या डोक्यातच नव्हतं. वहिनी आता स्वतः पाला निवडून आणतात. अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्याही कामच करतात. लांबलं, सॉरी, कुकर लावलाय.

----

+१ मुठीच्या परीक्षेला. मला आत्तापर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं.

----

आम्ही महिन्यातून एक रविवार दुरुस्तीला बसतो. कल्पना आमची नाही, अ‍ॅमस्टरडॅममध्ये २००९ मध्ये मार्टिने पोस्टमा बाईंनी रिपेअर कॅफे सुरू केला त्यावरून. अट एकच, वस्तू टाकून निघून जायचं नाही, शेजारी बसून स्क्रू धरायचे. सगळ्यात जास्त पंखे येतात, हळू फिरतो म्हणून लोक टाकायला निघालेले असतात आणि बऱ्याचदा नुसता कपॅसिटर गेलेला असतो, २.५ मायक्रोफॅरडचं बोटाएवढं डबडं. एक मुलगा स्वतः बदलून गेला आणि पुढच्या महिन्यात शेजाऱ्यांचे चार पंखे घेऊन हजर.

----

आमच्याकडे एक रविवार रस्ता गाड्यांना बंद केला होता. पोरांनी खडूने सगळा भरून टाकला, पण दुसऱ्यांदा परवानगीच मिळाली नाही. कोलंबियातल्या बोगोटात हे १९७४ पासून चालू आहे, दर रविवारी, शंभरावर किलोमीटर रस्ते. आपण एका गल्लीवर खूश.

----

माझं जरा वेगळं आहे. उन्हाच्या लाटेत एकटे राहणाऱ्यांची यादी केली, दुपारी प्रत्येकाला कुणीतरी एक फोन करायचा, पाणी प्यायलात का, पडदे ओढलेत का. गेल्या वर्षी एका काकांनी उचललाच नाही, धावत गेलो तर पायऱ्यांवर चक्कर येऊन बसलेले. वाचले. यंदा तेच तिघांना फोन करतात.

----

बाई गं. आज आमच्या गटात सांगते हे.

----

मेण निघालं!! इस्त्री न वापरता, बर्फ लावून खरवडलं. (फ्रिजचे युनिट कुणी काढू नका.) पंखेवाले दादा, कपॅसिटर बदलल्यावर आमचा उलटा फिरायला लागलाय, काय करू?

----

वायरी उलट्या जोडल्यात ताई. आधी मेन बंद करा, मग कपॅसिटरच्या दोन टोकांपैकी ज्यावर सप्लायची वायर आहे ती काढून दुसऱ्या टोकाला लावा. नाहीतर रविवारी घेऊन या, स्क्रू तुम्हीच धरायचे.