मदत हवी आहे: उंदरांवरच्या रेडिएशन प्रयोगासाठी थ्रीडी प्रिंटेड ब्लॉक, फिल्मवर पट्टे येताहेत

उद्यमबागी
नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागेत माझं थ्रीडी प्रिंटिंगचं छोटं युनिट आहे. रोजचं काम फौंड्रीवाल्यांच्या पॅटर्नचं आणि कोअर बॉक्सचं. आता काय झालंय म्हणजे, एका प्रयोगशाळेचं वेगळंच काम अंगावर घेतलंय. उंदराच्या मांडीवर गाठ वाढवलेली असते. त्याला भूल देऊन क्ष-किरण फक्त गाठीवर सोडायचे, शेजारचं आतडं-मूत्राशय वाचवायचं. मशीन 225 केव्हीचं (किलोव्होल्ट). गाठ आठेक मिलिमीटरची, तीही वेडीवाकडी. त्यांच्याकडचे कॉलिमेटर (किरणांना आकार देणारी भोकं) गोल नाहीतर चौकोनी, म्हणून गाठीच्या आकाराचं भोक असलेला ब्लॉक मी करून द्यायचा.

तांबं मिसळलेल्या पीएलए (प्लॅस्टिकचा एक प्रकार) फिलामेंटमध्ये, म्हणजे प्रिंटरच्या तारेत, 10 मिमी जाडीचा ब्लॉक काढला, इन्फिल (आतला भराव) 100 टक्के. त्यांनी किरण पडले की रंग बदलणारी फिल्म ठेवून तपासलं. जिथं रंग चढायलाच नको तिथंही हिरवट छटा आहे आणि त्या छटेत बारीक समांतर पट्टे. भोकाची कडही फराटा मारल्यासारखी पसरलीय. क्ष-किरण ट्यूबपासून उंदीर 30 सेंमीवर, ब्लॉकचा ट्रे बरोबर मध्ये, 15 सेंमीवर.

आमच्याकडच्या पावसात फिलामेंट पाणी पितं, नोझलला फटफट आवाज येतो, म्हणून रीळ ड्रायरमध्ये ठेवूनच प्रिंट करायलोय. तरी पट्टे का? आणि जाडी किती वाढवू?

निपाणीची_फिजिसिस्ट
दादा, जाडीच्या मागे लागू नका, मटेरियल बदला. या फिलामेंटची घनता चारच्या आत असते, शुद्ध तांब्याची 8.96. म्हणजे घनफळात तांबं तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, बाकी प्लॅस्टिक. 225 केव्हीचा फिल्टर लावलेला बीम निम्मा करायला खरं तांबं साधारण 1 मिमी लागतं, तुमचं फिलामेंट अडीच-तीन मिमी. 10 मिमीतून दहावा हिस्सा पार जाणारच. त्यात कमी ऊर्जेचे किरण आधीच्या थरांत गळून जातात, उरतात ते जास्त भेदक, त्यामुळे पुढचा प्रत्येक मिलिमीटर कमीच अडवतो. हे फिलामेंट कंपेन्सेटरला छान, म्हणजे जिथं बीम थांबवायचा नसतो, जागोजागी कमी-जास्त करायचा असतो. अडवायला शिसं, बिस्मथ नाहीतर टंगस्टनच पाहिजे. या ऊर्जेला फोटोइलेक्ट्रिक शोषण अणुक्रमांकाच्या साधारण घनाच्या पटीत वाढतं. तांब्याचा 29, टंगस्टनचा 74!

पट्टे म्हणजे प्रिंटच्या रेघांमधल्या फटी एकावर एक आल्यात. प्रत्येक थराचा कोन बदला, एक्सट्रूजन (नोझलमधून बाहेर पडणारा माल) किंचित वाढवा. आणि ब्लॉक वजन करून घनफळानं भागा. फिलामेंटच्या घनतेपेक्षा कमी आलं की आत हवा आहे.

कडेचा दोष मात्र प्रिंटरचा नाही. कडेचा पसारा म्हणजे फोकल स्पॉट (ट्यूबमधला किरण निघतात तो ठिपका) गुणिले ब्लॉक ते उंदीर अंतर, भागिले ट्यूब ते ब्लॉक अंतर. तुमचा ब्लॉक मध्ये आहे, म्हणजे स्पॉट जेवढा तेवढाच पसारा. स्पॉट 5 मिमीचा असला तर आठ मिमीच्या गाठीत राहिलं काय? तोच ब्लॉक 25 सेंमीवर न्या, पसारा 1 मिमीवर येतो. ट्यूबला लहान-मोठा असे दोन स्पॉट असतील तर लहान वापरायला सांगा.

जुना_मोल्डर
अरे, उद्यमबागेत बसून प्लॅस्टिकनं किरण अडवायला निघालास? साचा प्रिंट कर आणि ओत! रेडिओथेरपीत ब्लॉक ओतायला बिस्मथ-शिसं-कथील-कॅडमियमची मिश्रधातू वापरत आलेत, 70 अंशालाच वितळते. पण पीएलएचा साचा घेऊ नकोस. पीएलए 60 अंशाला नरम पडतं, साचा बसेल. एबीएस हे दुसरं प्लॅस्टिक शंभरच्या वर तग धरतं. कॅडमियमची वाफ विषारी. बिनकॅडमियमची मिश्रधातू 95 अंशाच्या आसपास वितळते, तीच घे. साचा सावकाश भर, हवा निघायला वाट ठेव. शिसं आहेच, तेव्हा हातमोजे, खिडक्या उघड्या आणि चहाचा कप त्या टेबलावर नको.

उद्यमबागी
अण्णा, ओतायचं म्हणजे आपल्या घरचंच काम झालं. मॅडम, ट्रे खाली घेता येतो असं ते म्हणालेत. मग भोकाचं माप बदलेल ना? आणि ओतताना आत ब्लो होल (हवेची पोकळी) राहिला तर?

निपाणीची_फिजिसिस्ट
बदलेल. मध्ये ठेवला तर भोक गाठीच्या निम्मं लागतं, 25 सेंमीवर सहापैकी पाच हिस्से, म्हणजे आठ मिमीच्या गाठीला साधारण 6.7 मिमी. किरण एका बिंदूतून पसरत येतात, तेव्हा भोकाच्या भिंतीही ट्यूबकडे निमुळत्या ठेवा. भोकाच्या जागी साच्यात बसणारा गाभा प्रिंटच करायचा असल्यानं तिरपी भिंत तुम्हाला फुकटात मिळते. ब्लो होलसाठी ब्लॉकचा एक्स-रे काढून घ्या, कास्टिंगचा काढतात तसाच, पण एवढ्या जड धातूला लागेल तेवढा केव्ही आहे का ते आधी विचारा.

मग नवी फिल्म. तिचा रंग बसायला वेळ लागतो, दुसऱ्या दिवशी स्कॅन करायला सांगा, आणि फिल्म प्रत्येक वेळी स्कॅनरवर एकाच दिशेनं ठेवायला सांगा, नाहीतर आकडे हलतात. उंदीर त्यानंतर.

उद्यमबागी
एबीएसचं रीळ मागवलंय. अण्णा, ती बिनकॅडमियमची मिश्रधातू किलोभर कुठं मिळेल? बेळगावात नसली तर हुबळी, कोल्हापूर कुठंही चालेल.

जुना_मोल्डर
व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघ.