ब्रन्सनला डलासनं घालवलं की तो स्वतः गेला?

गार्ड_धंतोली
एनबीएतल्या (अमेरिकेची बास्केटबॉल लीग) डलास मॅव्हरिक्सचा गार्ड, म्हणजे बॉल चालवणारा खेळाडू, जेलन ब्रन्सन २०२२ मध्ये न्यूयॉर्क निक्सकडे गेला, त्यावरची कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. म्हणे "ब्रन्सन गेला यात डलासचा काहीच दोष नाही, त्याला न्यूयॉर्कलाच जायचं होतं." काहीच नाही? २०२१-२२ चा सीझन सुरू व्हायच्या आधी ४ वर्षं, साधारण ५.५५ कोटी डॉलर, एवढ्यात करार वाढवता येत होता. मॅनेजमेंटनं हात आखडला. मग प्लेऑफमध्ये (सीझननंतरची बाद फेरी) आपला स्टार लुका डॉन्चिच जखमी असताना यूटाविरुद्ध दुसऱ्या मॅचला पठ्ठ्यानं ४१ पॉइंट ठोकले. भाव चढणारच! निक्सनी १०.४ कोटी मोजले. आणि हे पहिल्यांदा नाही. २००४ मध्ये तिशीतल्या गार्ड स्टीव्ह नॅशला डलासनं असंच जाऊ दिलं, त्यानं फीनिक्समध्ये २००५ आणि २००६ चा एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) किताब घेतला.

लुकाप्रेमी
निकाल लागल्यावर सगळेच शहाणे. तेव्हा ब्रन्सन सहावा-सातवा माणूस होता, पहिल्या पाचात नाही, बेंचवरून येणारा. जूनमध्ये निक्सनी त्याच्या वडिलांना कोचिंग स्टाफमध्ये घेतलं, परवानगीच्या तारखेआधीच बोलणी केली म्हणून लीगनं निक्सचा ड्राफ्टमधला (नवे खेळाडू निवडायची फेरी) दुसऱ्या फेरीचा पिकही काढून घेतला. अशा वेळी डलासनं काय करायचं? शिवाय ब्रन्सन राहिला असता तर स्टार गार्ड कायरी आयर्विंग डलासला आला असता का? २०२४ ची फायनल कायरीमुळेच दिसली.

गार्ड_धंतोली
फायनल १-४ नं हरलो. आणि ब्रन्सन गेल्यावर पहिल्याच सीझनला प्लेऑफसुद्धा नाही, ते विसरलात?

वऱ्हाडी_हूप
तुमी दोघंबी पैशावर भांडून राहिले. खरी गोष्ट उंचीची आहे. सहा फूट दोनचा गार्ड, म्हणून कोणाले भरोसा नव्हता. हाच रोग आपल्या इथंबी आहे. आमच्या शेजारचा पोरगा, डावा हात उजव्यापेक्षा साफ, डावीकून घुसला का समोरच्याचा तोल जाते. निवड चाचणीले गेला तर भिंतीवर खडूची रेघ मारून ठेवली होती. रेघेच्या वरचे एका बाजूले, बाकीचे घरी. याच्या हाती बॉलच नाई दिला! पोरानं खेळणं सोडलं.

जुना_सेंटर
तुम्ही कधी सिलेक्शनला बसले का? एका सकाळी एवढी पोरं येतात. हात शिकवता येतो, उंची नाही. राज्य स्पर्धेत समोर लंबे पोरं उभे राहिले की तुमचा डावा हात ब्लॉक होऊन परत येतो.

वऱ्हाडी_हूप
उंचीनंच होत असतं तर आपला भारतीय सतनाम सिंग खेळला असता. डलासनंच घेतला, २०१५ चा ड्राफ्ट, ५२ वा नंबर, सात फूट दोन. एनबीएची एक मॅच नाई. अन् त्याच डलासनं ३३ व्या नंबरवर घेतलेला ब्रन्सन हातचा घालवला. पाच मिनिटं बॉल तर द्या पोराले, मंग काढा घरी!

जुना_सेंटर
सतनामला मध्ये आणू नका. लुधियानाच्या अकॅडमीतून तिथवर पोचलेला पोरगा आहे तो, त्याच्या मेहनतीवर बोलायचा आपल्याला हक्क नाही.

वऱ्हाडी_हूप
मेहनतीवर कोण बोललं? मी निवडणाऱ्यावर बोलून राहिलो.

जुना_सेंटर
बॉल द्यायला पाहिजे होता, एवढं मान्य. रेघ मात्र राहणार.

लुकाप्रेमी
मूळ मुद्द्यावर या. सीझनआधी सही करून घ्यायला हवी होती, ठीक आहे. पण जूनमध्ये जे झालं त्याचा दोष डलासवर टाकू नका.

गार्ड_धंतोली
सीझनआधी सही झाली असती तर जून आलाच नसता. आणि नॅशबद्दल तुम्ही अजून एक शब्द बोलला नाहीत.