पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना इंग्रजी लेखन कोणी आणि काय शिकवावे?

मूळ लेख : कोयनाकाठ

मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी पीएच.डी.ला नोंदणी करतो, तेव्हा त्याच्याकडून इंग्रजीत प्रबंधाची अपेक्षा असते. तो लिहायचा कसा, हे मात्र त्याला कोणी शिकवत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार कोर्सवर्क, म्हणजे प्रबंधाआधीचा सक्तीचा अभ्यास, किमान १२ श्रेयांकांचे (क्रेडिट) असते आणि त्यात संशोधन व प्रकाशन नीतीचा अभ्यासक्रम सक्तीचा आहे. म्हणजे वाङ्मयचौर्य करू नये हे आपण बजावतो, पण स्वतःचे म्हणणे कसे मांडावे हे सांगत नाही. माझ्या मते यातील दोन श्रेयांक लेखनासाठी राखावेत आणि ते इंग्रजी विभागाने नव्हे, तर त्या त्या विषयाच्या विभागाने शिकवावेत.

भूजलावरच्या एका प्रबंधाचे पहिले प्रकरण नुकतेच वाचले. सुरुवात ‘पाणी म्हणजे जीवन’ने, मग देशाचे पर्जन्यमान, मग महाराष्ट्राचा भूगोल, आणि बेसाल्टमधील विहिरींची पातळी मोजण्याच्या पद्धतीत काय उणीव आहे, हा विद्यार्थ्याचा खरा प्रश्न थेट अकराव्या पानावर. वाक्ये मात्र शुद्ध होती. आधी विषयाचे महत्त्व, मग आजवरच्या कामात राहिलेली जागा आणि मग ती आपण कशी भरणार, ही भाषाशास्त्रज्ञ जॉन स्वेल्स यांनी १९९० मध्ये मांडलेली प्रस्तावनेची रचना त्याच्याच विषयातले चार शोधनिबंध समोर ठेवून सहज शिकवता आली असती.

प्रतिसाद : शब्दयोगी

मी इंग्रजी शिकवते आणि आपल्याशी असहमत आहे. शुद्ध वाक्ये लिहिणारा विद्यार्थी आपल्याला लाभला. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचे कर्ता आणि क्रियापद एकमेकांना भेटत नाहीत, अशा वेळी रचनेची चर्चा कोणत्या पायावर करायची? शिवाय विषयाचे मार्गदर्शक स्वतःच ‘यावरून सिद्ध होते’ असे बेधडक लिहितात. तीस जणांच्या सर्वेक्षणावरून फार तर तसे दिसते एवढेच म्हणता येते, हे विद्यार्थ्याने कोणाकडून शिकायचे? आणि प्रबंध सादर करायला आठवडा उरला की ‘भाषा तेवढी बघून द्या’ म्हणून आमच्याकडे पाठवले जाते, हेही थांबले पाहिजे.

प्रतिसाद : रानवाट

मला दोघांचेही गृहीतक मान्य नाही. बीडच्या ऊसतोड कामगारांशी मराठीत बोलून केलेला अभ्यास इंग्रजीत लिहिण्याची सक्ती कशासाठी? सामाजिक शास्त्रांत अनेक ठिकाणी मराठीतून प्रबंध लिहिता येतो, पण तसे करणाऱ्याला दुय्यम लेखले जाते. युक्तिवाद आधी मराठीत पक्का करू द्या. ज्याला मराठीत मुद्दा मांडता येत नाही, त्याला इंग्रजीतही मांडता येणार नाही.

प्रतिसाद : कोयनाकाठ

रानवाट, सामाजिक शास्त्रांबाबत आपले म्हणणे मला पटते. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र तो मार्ग आज मोकळा नाही, कारण त्याचे वाचक आणि परीक्षक इंग्रजीतच वाचतात.

शब्दयोगी, व्याकरण आधी आणि रचना नंतर या क्रमालाच माझा विरोध आहे. आयोगाच्या २०१८ च्या नियमांत इतरांच्या मजकुराशी असलेल्या साम्याची मर्यादा दहा टक्के आहे. मांडणी न शिकलेला विद्यार्थी त्या आकड्याच्या भीतीने उसन्या परिच्छेदांतले शब्द सॉफ्टवेअरने बदलून घेतो. असे करण्याने काय होते, ते संगणकशास्त्रज्ञ गियोम काबानाक आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये जगासमोर आणले: छापून आलेल्या निबंधांत ‘ब्रेस्ट कॅन्सर’चे ‘बूझम पेरिल’ (शब्दशः ‘छातीचे संकट’) झालेले होते. व्याकरणाच्या तासांनी हे थांबणार नाही, कारण तिथे व्याकरण चुकलेले नव्हते. लिहिणाऱ्याकडे स्वतःचे म्हणणेच नव्हते.

प्रतिसाद : शब्दयोगी

उदाहरण मान्य, निष्कर्ष नाही. ‘बूझम पेरिल’ वाचून ज्याला खटकत नाही, त्याचे इंग्रजीच कच्चे असते. विभागाने रचना शिकवावी, वाक्य आम्ही शिकवू, पण दोन्ही पहिल्याच सत्रात, एकाच मसुद्यावर. वेळ नाही ही सबब मला पटणार नाही: २०२२ च्याच नियमांनुसार प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चारच विद्यार्थी असू शकतात, आणि आठ जणांची पाच-पाच पाने सत्रातून दोनदा वाचणे कोणत्याही मार्गदर्शकाला शक्य आहे.