असिसीच्या सेंट फ्रान्सिसची इगर्ज: नुसते शिल्प म्हणून पाहावी का?

मांडवीकाठ:
जुन्या गोव्यात आलेले पाहुणे बाँ जेजूच्या चर्चमध्ये जातात, से कॅथेड्रल बघतात आणि त्याच्याच पलीकडची ही इगर्ज, म्हणजे चर्च, सोडून गाडीत बसतात. मला हे फार खटकते. संत फ्रान्सिसच्या संघाचे, म्हणजे फ्रान्सिस्कन, पाद्री १५१७ मध्ये इथे आले. त्यांची १५२१ ची इगर्ज पाडून १६६१ मध्ये आजची उभी राहिली, पण जुना दरवाजा तेवढा जपला. पांढऱ्या भिंतीत बसवलेला तो दगडी मनुएलिन (पोर्तुगालच्या मनुएल राजाच्या काळातल्या शैलीचा) दरवाजा, त्यावर कोरलेले खलाशांचे खगोल, दोन्ही अंगांना अष्टकोनी मनोरे! आत छताभिंतींवर रंगवलेल्या वेलबुट्ट्या, पायाखाली घराण्यांची चिन्हे कोरलेल्या थडग्यांच्या शिळा. दीडशे वर्षांत बांधकामाची रुची कशी पालटली, हे एकाच उंबऱ्यावर उभे राहून दिसते. शिल्प म्हणूनच बघा, बाकीचे वाद बाहेर ठेवा.

बार्देशकर:
बाहेर कसे ठेवणार? उत्तर गोव्यातल्या बार्देश तालुक्यात धर्मांतराची कामगिरी याच फ्रान्सिस्कन संघाकडे होती. सोळाव्या शतकात तिथली देवळे मोडली, लोकांनी देव उचलून डिचोली-पेडण्याकडे नेले. आमचे कुलदैवत आजही नदीपलीकडे आहे, जत्रेला तिकडेच जावे लागते. वेलबुट्टीचे कौतुक मीही करतो, पण ती कुठल्या सत्तेच्या जोरावर उमलली ते सांगितल्याशिवाय नाही.

मांडवीकाठ:
तुमचे दुःख खरे आहे. पण त्या पाद्र्यांच्याच मठात १९६४ पासून पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. कदंबकाळातल्या मूर्ती, वीरगळ, सतीशिळा तिथेच आहेत, आणि वरच्या मजल्यावर पोर्तुगीज व्हाइसरॉयांची तैलचित्रे. दोन्ही बाजू एका छपराखाली आहेत की!

बार्देशकर:
एका छपराखाली ठेवल्या म्हणून हिशेब मिटत नाही. नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचे मूळ देऊळ दिवाडी बेटावर होते, ते पाडले गेले. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी नार्व्यात देवळाचा जीर्णोद्धार केला. एवढा इतिहास या आवाराला लागून असताना 'नुसते शिल्प' म्हणणे मला पटत नाही.

चिरेखाण:
तुम्ही दोघे भांडताय, पण इमारत टिकली तरच हे भांडण पुढच्या पिढीला कळेल. ही इगर्ज चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची आहे. चिरा पाणी पितो, म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा हवाच. १९५० च्या दशकात बाँ जेजूचा गिलावा काढून चिरा उघडा पाडला, तेव्हापासून पाऊस त्याला झोडपतो आहे. इथला गिलावा शाबूत आहे, तो तसाच सांभाळायला हवा. मुख्य वेदीच्या दोन्ही बाजूंना संत फ्रान्सिसच्या चरित्राची लाकडावर रंगवलेली चित्रे आहेत. ओल शिरली तर ती पहिल्यांदा जातील.

बार्देशकर:
गिलाव्याबद्दल शंभर टक्के सहमत. माझी मागणी पाडापाडीची नाहीच. दरवाजाशेजारी मराठी-कोंकणीत ठळक फलक लावा, त्यात शिल्प आणि देवळांचा इतिहास दोन्ही लिहा.

मांडवीकाठ:
फलक संग्रहालयात लावा, वीरगळांपाशी. त्या दरवाजाशेजारी मला काहीही नको आहे.