मदत हवी आहे : लोडरचा एक पाइप बसेना, आणि भरून उचलला की ट्रॅक्टरची शेपटी हलकी

नमस्कार मंडळी. जुना फ्रंट लोडर (ट्रॅक्टरच्या पुढे लागणारे, बकेट उचलणारे दोन आर्म) घेतलाय. ट्रॅक्टर ४५ एचपीचा, टू व्हील ड्राइव्ह. लोडर काढता-घालता येणारा आहे, काढला की स्वतःच्या दोन स्टँडवर उभा राहतो. मॅन्युअल मिळालं नाही. ज्यांच्याकडून घेतला त्यांनी एकदा जोडून दाखवला, पाच मिनिटांत झालं. मला वाटलं, यात काय आहे!

परवा भर दुपारी एकट्याने जोडायला घेतला आणि दोन तास गेले. हायड्रॉलिक तेलाच्या चार पाइपांपैकी तीन खटकन बसले, चौथा काही केल्या बसेना. हाताने दाबला, गुडघा लावून दाबला, शेवटी लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीने दोन ठोके मारले. तोंडातून तेलाची चिळकांडी उडाली, शर्टभर झाली, आणि मग बसला. बसला असं मला तरी वाटलं.

नंतर खाली उभा राहूनच, चाकाजवळून हात लांब करून जॉयस्टिक ढकलली. बकेट झुकवायला गेलो तर आर्मच वर निघाले. दचकून हात काढला म्हणून थांबले. पाइप उलटसुलट लागले होते.

ते निस्तरून ओली माती उचलायला गेलो. बकेट काठोकाठ. आर्म छातीइतके वर, जरासा उतार, आणि वळताना मागचं उजवं चाक जमिनीवर आहे की नाही असं वाटायला लागलं. ब्रेक दाबला तर ट्रॅक्टर थांबायच्या ऐवजी चार-पाच फूट सरकत गेला. बकेट खाली टाकली तेव्हा थांबला. त्यानंतर लोडरला हात लावलेला नाही.

तर प्रश्न असे : पाइप का बसत नाही? जोडायचा बरोबर क्रम काय? आणि शेपटी हलकी होते ती माझ्या चालवण्यामुळे की ट्रॅक्टरच लहान पडतोय?

प्रतिसाद १

मागे वजन काय लावलं होतं?

धागाकर्ता

काहीच नाही. मागे रिकामंच.

प्रतिसाद १

मग तेच. ट्रॅक्टरला दोष देऊ नका. सविस्तर कुणीतरी लिहीलच.

प्रतिसाद २

मी लिहितो, कारण हे एकदा आकड्यांत बघितलं की डोक्यातून जात नाही.

पुढचा एक्सल म्हणजे सी-सॉचा मधला टेकू समजा. बकेट त्याच्या पुढे, मागची चाकं त्याच्या मागे. समजा दोन्ही एक्सलमधलं अंतर २ मीटर, बकेटमधला माल पुढच्या एक्सलच्या १.८ मीटर पुढे आणि माल ६०० किलो. मागच्या चाकांवरून किती वजन निघून गेलं? ६०० गुणिले १.८ भागिले २, म्हणजे ५४० किलो. आणि पुढच्या एक्सलवर ६०० नाही, तब्बल ११४० किलो जादा पडले. लोडरचं स्वतःचं वजन अजून धरलेलंच नाही, तेही पुढेच लटकतंय.

आता ६०० किलो म्हणजे फार वाटतं, पण ओली वाळू घनमीटरला २ टनांच्या आसपास भरते. ०.४ घनमीटरची बकेट काठोकाठ भरली की पाऊण टनाच्या वर जाते. ओली माती फार मागे नाही. तीच बकेट शेणखताने भरली तर त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणून “बकेट भरली” हे माप नव्हेच, कशाने भरली ते बघायचं.

टू व्हील ड्राइव्हला ब्रेक फक्त मागच्या चाकांना. ती चाकं हलकी झाली की ब्रेक दाबून दाबणार कुठे? तुमचा ट्रॅक्टर सरकला तो त्यामुळे. ब्रेक खराब नव्हते, चाकाखाली पकडच नव्हती. हँडब्रेकही त्याच चाकांना असतो, हे लक्षात ठेवा.

आता वजन कुठे लावायचं. दोन जागा आहेत आणि दोन्हींचं काम वेगळं. मागच्या टायरांत पाणी भरलं (व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवून, साधारण ७५ टक्के, जिथे पाणी गोठतं तिथे नुसतं पाणी नको) तर वजन थेट चाकात बसतं आणि खालीही राहतं. पण पुढच्या एक्सलवरचा भार त्याने एक किलोनेही कमी होत नाही. थ्री पॉइंटला (ट्रॅक्टरच्या मागे अवजार जोडायची जागा) काँक्रीटचा ठोकळा लावला तर तो मागच्या एक्सलच्याही मागे लटकतो. ५०० किलोचा ठोकळा १ मीटर मागे असेल तर मागच्या चाकांवर ७५० किलो येतात आणि पुढचा एक्सल २५० किलोने सुटतो. माझं मत विचाराल तर आधी ठोकळा, मग पाणी. ठोकळा किती किलोचा, ते लोडर बनवणाऱ्याने दिलेलं असतं. मॉडेल नंबरवरून मॅन्युअल मागवाच, त्यावाचून काम करू नका.

आणि ठोकळा लोडरच्या आधी लावायचा. काढताना आधी लोडर, मग ठोकळा.

प्रतिसाद ३

वरच्या भाऊंनी पुढे-मागे कलण्याचं सांगितलं. मला आडवं पलटण्याची जास्त भीती वाटते, कारण ते कळेपर्यंत झालेलं असतं.

ट्रॅक्टर चार चाकांवर उभा दिसतो, पण पुढचा एक्सल मध्ये एका पिनेवर डोलतो. म्हणजे खरा पाया त्रिकोणी : मागची दोन चाकं आणि पुढची ती मधली पिन. आर्म खाली असताना सगळ्या वजनाचा मध्य त्रिकोणाच्या रुंद भागात, मागे असतो. भरलेली बकेट वर न्याल तसा तो वरही जातो आणि पुढेही, म्हणजे त्रिकोणाच्या अरुंद टोकाकडे. तिथे एखाद्या चाकाखाली खड्डा आला किंवा तुम्ही वळलात, की संपलं. तुमचं उजवं चाक वळताना हलकं झालं ते याचमुळे.

भरलेली बकेट घेऊन फिरायचं ते जमिनीपासून फूटभर उंचीवर. समोरचं दिसेल आणि खाली काही अडकणार नाही, इतकंच वर. ट्रॉलीत टाकायचं असेल तर ट्रॉलीशी जाऊन, सरळ उभं राहून मग उचला. टाकून झालं की आर्म खाली आणि मगच वळा. वर घेतलेली बकेट फ्लोटला (जॉयस्टिकची ती जागा, जिथे आर्म मोकळे सुटतात) टाकू नका, धाडकन येते. उतारावर आडवं जायचंच नाही. चढताना बकेट पुढे, उतरताना रिव्हर्समध्ये, म्हणजे दोन्ही वेळा माल चढाच्या बाजूला.

रोलबार (ट्रॅक्टर पलटला तर चालकाला वाचवणारी लोखंडी कमान) आहे का? असेल तर उभा ठेवा आणि पट्टा बांधा. शेडमध्ये अडकतो म्हणून दुमडलेला रोलबार वर्षभर तसाच राहतो, हे सगळीकडे बघतो. स्वीडनने १९५९ सालीच नव्या ट्रॅक्टरांना तो सक्तीचा केला होता.

प्रतिसाद ४

पाइपाचं मी सांगतो. हातोडी मारलीत ते वाचून अंगावर काटा आला. रागावू नका, मीही एके काळी मारलीये.

लोडर उन्हात उभा होता ना? काढून ठेवलेल्या पाइपाचं तोंड आतल्या व्हॉल्व्हने बंद असतं. उन्हाने तेल फुगतं, जायला जागा नाही, मग दाब चढतो. तो दाब आतून व्हॉल्व्हला रेटून धरतो आणि तुम्ही बाहेरून ढकलत बसता. सकाळी गारव्यात तोच पाइप दोन बोटांनी बसेल, करून बघा. तोपर्यंत ओलं पोतं टाकून ठेवा. लोडर सावलीत ठेवणं हा कायमचा उपाय.

ट्रॅक्टरच्या बाजूलाही दाब असू शकतो. तो काढायला इंजिन बंद करून जॉयस्टिक चारही बाजूंना आणि शेवटी फ्लोटपर्यंत फिरवा. लोडर काढताना हे केलंत तर पुढच्या वेळी त्रासच होणार नाही : बकेट जमिनीवर सपाट टेकवा, इंजिन बंद, जॉयस्टिक फिरवा, मग पाइप काढा.

आता “बसला असं वाटलं” याबद्दल. अर्धवट बसलेला कपलर (पाइपाचं जोडायचं तोंड) फार वाईट. एका बाजूने तेल जातं, दुसरीकडून परत यायची वाट बंद. आर्म वर जातील आणि उतरणार नाहीत, किंवा भलतंच काही. बसवल्यावर मागे ओढून बघा. दोन्ही तोंडं आधी चिंधीने पुसा, वाळूचा एक कण पुढे व्हॉल्व्ह खातो. आणि आजच रंगीत टेप आणा. चार पाइप, चार रंग, दोन्ही बाजूंना. उलटसुलटचा विषय संपला.

चिळकांडी शर्टावर आली, बरं झालं. बारीक भोकातून दाबाने आलेलं तेल कातडीच्या आत शिरतं. वरून सुई टोचल्याएवढंच दिसतं, दुखतही नाही फारसं, पण आतून हात सडायला लागतो. तसं झालं तर घरी हळद लावून बसू नका, ताबडतोब ऑपरेशनची सोय असलेल्या दवाखान्यात जा आणि “हायड्रॉलिक तेल आत गेलंय” असं शब्दांत सांगा. गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा तुकडा पाइपाजवळून फिरवा, चष्मा लावून. हात कधीच नाही.

प्रतिसाद ५

एवढं घाबरवू नका त्यांना. आम्ही झाडाच्या फांद्या तोडायला बकेटमध्ये माणूस उभा करतो, पंधरा वर्षं झाली, काही झालं नाही.

प्रतिसाद ४

तुमच्या त्या माणसाच्या आणि जमिनीच्या मध्ये एक रबरी पाइप आहे. त्याचं वय विचारा एकदा. आणि फांद्यांच्या वर तारा असतात त्या वेगळ्याच.

प्रतिसाद ६

क्रम विचारलाय तो कुणी पूर्ण दिला नाही, म्हणून माझी पद्धत लिहितो. माझा लोडर बहुतेक तुमच्यासारखाच आहे, पण कंपनीप्रमाणे थोडा फरक असतो.

जागा सपाट आणि टणक हवी. मऊ जमिनीत स्टँड रुततात, मग एक बाजू खाली जाते आणि काहीच जुळत नाही. मी स्टँडखाली आणि बकेटखाली फळ्या टाकतो. आजूबाजूला पोरंटोरं, कुत्रं कुणी नको. मागचं वजन लावून पहिल्या गिअरमध्ये, कासवाच्या चालीने दोन आर्मच्या मधोमध आत जायचं. ट्रॅक्टरवरचं ब्रॅकेट लोडरच्या खांबाला टेकतंय असं वाटलं की थांबायचं. न्यूट्रल, हँडब्रेक, इंजिन बंद. मग खाली उतरून पाइप.

पुन्हा सीटवर बसून इंजिन चालू, रेस कमी. इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. लोडरचे मागचे खांब ब्रॅकेटमध्ये बसवायचे ते ट्रॅक्टर पुढेमागे करून नव्हे, बकेटच्या सिलिंडरने. बकेट थोडी पुढे-मागे झुकवली की ती जमिनीवर रेटा देते आणि मागचे खांब वर-खाली होतात. अगदी थोडंथोडं करायचं. माझ्या लोडरला खांब खाचेत बसला की “ठक्” असा जाड आवाज येतो, दोन बाजूंचे दोन. एकच आला तर मी उतरून बघतो.

मग इंजिन बंद, दोन्ही पिना, त्यांचे लॉक. पिनेचं भोक जुळलं का ते बोट घालून चाचपू नका. डोळ्यांनी बघा, नाहीतर सळई घाला. जरा काही सरकलं तर बोट कात्रीत सापडल्यासारखं जातं. स्टँड वर घ्यायचे ते सगळ्यात शेवटी, आणि तेही पिना पुन्हा एकदा बघून.

मग रिकामी बकेट दोन-तीनदा पूर्ण वर-खाली, पूर्ण झुकवून. पाइप कुठे ताणला जातोय का, टायरला घासतोय का बघा. वर घेतलेल्या आर्मखाली कुणी जायचं नाही. दुरुस्तीला जावंच लागलं तर सिलिंडरवर लोखंडी टेकू लावून, जॅक लावून नव्हे.

जुना घेतलाय म्हणून आणखी एक : लोडर ज्यावर बसतो त्या ट्रॅक्टरवरच्या चौकटीचे बोल्ट पान्याने तपासा, आणि चौकट मागच्या एक्सलपर्यंत जाते का बघा. नुसती पुढच्या अर्ध्यावर बोल्टने धरलेली असेल तर सगळा मार क्लच हाउसिंगवर (ट्रॅक्टरच्या मधलं क्लचचं कवच) बसतो, आणि तिथे ट्रॅक्टर फुटतो. पुढच्या टायरांतली हवाही लोडरच्या कामाला जास्त लागते.

प्रतिसाद ३

एक राहिलं. गवताच्या गोल गासड्या उचलणार असाल तर साध्या बकेटने नको. आर्म वर जातात तशी बकेट मागे कलते, आणि गासडी आर्मवरून घरंगळत थेट सीटवर येते. रोलबार दोन खांबांच्या मध्ये मोकळाच असतो. सुळे किंवा पकड असलेलं अवजार घ्या.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार, ओरडलात त्यासकट. आठ दिवसांनी लिहितोय.

मॅन्युअल मिळालं. ठोकळा ओतून घेतला, मॅन्युअलमध्ये आहे तेवढ्या वजनाचा. सकाळी सातला पाइप लावले, चौथा खरंच दोन बोटांनी बसला, हसूच आलं. टेप लावली : लाल, पिवळी, निळी, पांढरी. जुळवताना एकाच बाजूचा “ठक्” आला, उतरून बघितलं तर डावा स्टँड रुतला होता. फळी टाकून पुन्हा केलं. सगळं मिळून पंचवीस मिनिटं.

ओली माती आता पाऊण बकेट, आर्म खाली. ब्रेक लागतो तिथे थांबतो. पलीकडच्या उतारावरून मात्र अजून माल नेलेला नाही, रिकामाच फिरवून बघतोय.

चौकट मात्र अर्धवटच निघाली, क्लच हाउसिंगपर्यंतच. मागचा भाग आधीच्या मालकाने काढून टाकलेला दिसतो, बोल्टची भोकं तशीच आहेत. तो मिळेपर्यंत फक्त शेणखत.

एक नवीन शंका : आर्म फूटभर वर ठेवून जेवायला गेलो, परत आलो तर बकेट जमिनीला टेकलेली. सिलिंडरचं सील गेलं का?

प्रतिसाद ४

सील असेल किंवा व्हॉल्व्ह झिरपत असेल, दोन्हींत असंच होतं. पण ट्रॅक्टर सोडून जेवायला गेलात आणि बकेट वर कशी होती, ते आधी सांगा.